कंसातला शब्द

४ ऑगस्ट

प्रिय टकटक,

सोबतचं जाड पाकीट उघडण्याआधी हात धुऊन ये. लहानपणी दिसेल त्या दारावर टकटक करत सुटायचीस, तेव्हा त्या हातांना नेहमी काहीतरी चिकटलेलं असायचं. आता तू महोत्सवाच्या ऑफिसात बसून दिवसभर टाइप करतेस, म्हणजे हात सुधारले असतील असं धरून चालते.

पाकिटात नाटक आहे. मी लिहिलेलं. हसू नकोस, आणि हसायचंच असेल तर निदान पूर्ण वाचून हस. चोवीस वर्षं मी लोकांची पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. बांधता बांधता वाचलीही. इतकी वाचल्यावर माणसाला वाटायला लागतं की एवढं तर आपणही लिहू. वाटणं सोपं असतं. लिहायला मला तीन वर्षं लागली.

तुमच्या 'कोरा' महोत्सवाला ते पाठव. कुठेही, कुणासमोर न झालेलं काम हवं, ही तुमची अट. माझं काम इतकं कोरं आहे की दुकानातल्या मांजरीनेसुद्धा ऐकलेलं नाही. हस्तलिखित घेत नाहीत म्हणे, म्हणून टाइप करून दे. मूळ वही मी टपालाच्या भरवशावर सोडणार नाही, झेरॉक्स पाठवतेय. 'मावशीचं अक्षर मलाच लागतं' अशी फुशारकी तू मागे मारली होतीस, आता भोग फळं.

एक खोली, दोन माणसं. अंथरुणाला खिळलेला बाप आणि काम शिकायला परगावी निघालेली मुलगी. कुठल्या घरातली गोष्ट आहे ते तुला सांगायला नको. तुझ्या आईला मात्र आत्ता काही बोलू नकोस. दर रविवारी आम्ही दोघी बहिणी फोनवर बोलतो. गुडघे झाले, हवापाणी झालं, तू जेवतेस की नाही ते झालं. त्या दुपारचा विषय चोवीस वर्षांत एकदाही निघाला नाही. मी बाबांना न विचारता, तिच्या माघारी निघून गेले, असं तिला वाटतं. तसं झालेलं नाही. पण ताईसमोर सांगायला गेले की माझी दातखीळ बसते. नाटकातून सांगणं बरं, तिथे दुसरंच कुणी बोलतं.

तुझी,
मावशी

२९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

हात धुतले, मग उघडलं. हसले नाही. दुसऱ्या पानावर बाप मुलीला 'माझ्या पायाला सांग, तो तुझं ऐकतो' म्हणतो तिथे हसले, पण तिथे हसायचंच आहे ना?

चार संध्याकाळी बसून टाइप केलं. तुझं अक्षर मला लागतं हे खरं, पण तू नाटकातल्या सूचना वेगळ्या दाखवल्याच नाहीस गं. 'दार उघडते', 'उशी नीट करते', 'पाणी देते', सगळं सलग. मी आपली अर्थ लावत गेले आणि जे बोलायचं नाही ते कंसात टाकलं. 'पाणी देते' ती बोलते की करते यावर बराच वेळ घालवला. पुढच्या ओळीत बाप पाणी पिताना दिसला, तेव्हा सुटले.

शेवटचं पान संपवून मी खुर्चीवरून उठले आणि उगाचच ऑफिसभर फिरून आले. शेवटच्या तीन ओळींत तू अख्खं घर उभं केलंस. तीन ओळी, तीन शब्द. मला तुझा इतका अभिमान वाटला की शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीसांना सांगून टाकलं, ही माझी मावशी आहे. ते म्हणाले, अर्जावर लेखिकेची सही कुठेय? तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून लगेच पाठव. 'हे काम माझं आहे, नवं आहे, कुणासमोर झालेलं नाही.' खाली एक तळटीपही आहे, ती वाच. एकदा निवड झाली की संहितेत बदल करायचा हक्क फक्त लेखकाचा, तोही स्वतःच्या हाताने पत्र लिहून, दहा जानेवारीच्या आत. दिग्दर्शकाला एक अक्षर हलवता येत नाही. याच एका नियमासाठी मला इथे काम करायला आवडतं.

आईला काही बोलले नाही. ओठ शिवून घेतलेत.

टकटक

६ नोव्हेंबर

प्रिय टकटक,

निवडीचं पत्र आलं. एकशे ऐंशीतून बारा. मी ते पत्र पुठ्ठ्यात बांधून ठेवलंय, पाठीला कापड लावून. एका कागदाचं पुस्तक बांधणारी मीच पहिली असेन. आज एका गिऱ्हाइकाचा शब्दकोश उलटा शिवला आणि त्याला सांगितलं, माफ करा, मी नाटककार आहे. तो बिचारा नुसतं 'बरं' म्हणाला.

आता ताईला सांगायला हरकत नाही. पहिल्या प्रयोगाला तिला घेऊन ये. हे तुला म्हणून सांगते, सगळं नाटक मी त्या शेवटासाठीच लिहिलंय, आणि तो शेवट ताईसाठी आहे. तो कानावर पडला की तिला कळेल. मग आमच्या दोघींत जे काही अडकून बसलंय ते सुटेल. मी आता पंचावन्नची, ती साठीची. आणखी किती रविवार गुडघ्यांवर बोलायचं?

मावशी

१२ डिसेंबर

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. इथे डोकं खाजवायला वेळ नाही आणि तरी दिवस संपूच नये असं वाटतं. तू हे शहर या दिवसांत पाहायला हवंस. बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात पाणी नाही, तर तिथे चाळीस जणांचा गायनवृंद तालीम करतोय. फरशीवरून आवाज असा परत येतो की गाणारेच दचकतात. कपडे शिवणाऱ्या अकरा बायकांनी अकरा शिलाई मशिनांसाठी एक रचना बसवलीय. मी ऐकायला गेले तेव्हा एकीचा दोरा तुटला. तिने तो ओवेपर्यंत बाकीच्या दहाजणींनी तोच ताल धरून ठेवला, आणि रचनाकार म्हणाली, हे असंच ठेवू या. दर दोन वर्षांनी हे असं होतं. चारचौघांतलं माणूस उठतं, पोटातलं काहीतरी नवं काढून दाखवतं, आणि त्याच्या रोजच्या ओळखीचे लोक तोंडात बोट घालतात.

आणि तुझं नाटक! मुलीचं काम करणारी दिवसभर दंतवैद्याकडे मदतनीस असते. बापाचं काम करणारे गृहस्थ पोहण्याचे शिक्षक. तीन तास निजून राहणं त्यांना जड जातं, मध्येच पाय मारायला लागतात. दिग्दर्शिका कडक आहे. पण शेवट आला की तीसुद्धा वही मिटते. बाप विचारतो, 'निघालीस?' मुलगी दारात, हातात बॅग. ती वळते आणि म्हणते, 'थांबते.' एवढंच. आणि बाप सुटकेचा श्वास सोडून म्हणतो, 'बरं.' काल ती 'थांबते' इतकं साधं म्हणाली की दिवे लावणाऱ्या बाईंनी दिवा मालवायचं विसरून डोळे पुसले.

आईला प्रत दिली. तिने ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचली, शेवटचं पान तीनदा. मग चष्मा काढून रडली. आईला रडताना मी याआधी पाहिलेलं नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, 'छोटी लिहिते छान.' मावशी, ती आजोबांपाशी थांबली, याची दखल चोवीस वर्षांनी कुणीतरी घेतली. तू घेतलीस. आता ती ओळखीच्या सगळ्यांना प्रयोगाचं सांगत सुटलीय.

तुझी,
टकटक

१७ डिसेंबर

टकटक,

'थांबते' हा संवाद नाही. ती सूचना आहे.

माझ्या वहीत सूचनांखाली लाल पेन्सिलीची रेघ असते. बांधणीला येणाऱ्या कागदांवर आम्ही तशीच खूण करतो. फिकट पेन्सिल, झेरॉक्समध्ये उठली नसणार. मी झेरॉक्स पाहिलीसुद्धा नाही, पाकिटात भरली आणि पाठवली. म्हणजे चूक माझीच, तरी आत्ता मला तुझाच राग येतोय. तो येऊ दे.

बाप विचारतो, 'निघालीस?' मुलगी दारात थांबते. उभी राहते. काही बोलत नाही, बोलवतच नाही. आणि बाप म्हणतो, 'बरं.' म्हणजे जा. जायला माझी हरकत नाही. असं आहे ते.

लोक ध चा मा करतात. तू तर एक अक्षरही न बदलता माझं नाटक फिरवलंस. आपल्या भाषेत बाई स्वतःबद्दल बोलली तरी 'थांबते' आणि दुसऱ्याने तिच्याबद्दल लिहिलं तरी 'थांबते'. दोन कंस काय ते मध्ये, दोन वाकड्या काड्या. त्या नाहीत म्हणून माझी मुलगी घरी राहिली.

बाबा मला 'बरं' म्हणाले होते. मी पळून गेले नाही. ताई औषध आणायला गेली होती, तिला ते माहीत नाही. मला तिला तेवढंच सांगायचं होतं, आणि तिने वाचलं ते नेमकं उलटं.

मावशी

२१ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं. मी चुकले. वही मागवून पडताळायला हवी होती. 'पाणी देते'वर एवढा विचार केला आणि 'थांबते'वर क्षणभरही नाही, कारण मला ते वाक्य आवडलं. आवडलेल्या गोष्टीवर संशय घ्यायचं सुचत नाही.

दिग्दर्शिकेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'लेखिकेने स्वतः लिहिलं तर त्याच दिवशी बदलू. मुलीने नुसतं उभं राहायचं म्हणजे अवघड काम आहे, पण तिला ते जमेल.' तेव्हा तुझ्या पत्राचा प्रश्न आहे. दहा तारखेच्या आत आलं की झालं.

नाटक तुझं आहे, मी मध्ये पडू नये. तरी एक विचारू? आईचं काय? ती गेले पंधरा दिवस वेगळीच बाई झालीय. स्वयंपाक करताना गुणगुणते. प्रयोगाला घालायचे कपडे काढून ठेवलेत. प्रयोगात ती मुलगी निघून गेली तर आईने काय समजायचं? तिच्या चेहऱ्यावर आलेलं ते मी टाइप केलेल्या चुकीमुळे आलंय आणि मीच ते काढून घ्यायचं, हे मला झेपत नाही. तू ठरव. तू म्हणशील ते करीन.

टकटक

२७ डिसेंबर

प्रिय टकटक,

सहा दिवस दुकान उघडलं नाही. खळ सुकून दगड झाली. रोज बसून ते बदलाचं पत्र लिहिलं आणि रोज फाडलं.

खरं सांगू? तुझ्या 'थांबते'मध्येही दम आहे. इतका की मला हेवा वाटला. आणि तुझ्या आईने आजोबांचं अकरा वर्षं केलं. लग्न झालं तर नवऱ्याला त्याच घरात आणलं, तुला त्याच घरात वाढवलं, आणि या सगळ्याचा कधी पाढा वाचला नाही. तिच्याएवढं मोठं माणूस मी पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही, आणि मी पुस्तकं पुष्कळ पाहिली आहेत. तिला माझं एक नाटक चुकून आवडलं असेल तर मी ते का ओढून घ्यावं? माझं 'बरं' मला ठाऊक आहे. ते माझ्यापाशी राहील.

राहू दे. बदलू नकोस. मी प्रयोगाला येईन, ताईशेजारी बसेन, टाळ्या वाजवीन आणि तोंड बंद ठेवीन. तूही ठेव.

मावशी

३ जानेवारी

चि. छोटीस,

आशीर्वाद. मी पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. तुझ्या भाचीच्या पोटात काही राहत नाही. तिने सतरा आणि सत्तावीस तारखेची तुझी पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली.

बाबा तुला 'बरं' म्हणाले हे मला तेव्हापासून माहीत आहे. औषधाची बाटली घेऊन मी जिना चढत होते. आपलं दार उघडं होतं. त्यांनी विचारलं, 'निघालीस?' तू काहीच बोलेनास. मी पायरीवर उभी राहून आकडे मोजले, सतरापर्यंत गेले. मग ते म्हणाले, 'बरं.' तू बाहेर येणार हे कळल्यावर मी खाली न उतरता वरच्या मजल्यावर चढून गेले. मी दिसले असते तर तुझा पाय निघाला नसता. एवढं तरी मी तुला ओळखत होते. तुला रस्त्याला लागताना मी वरून पाहिलं. बॅग उजव्या हातातून डाव्या हातात घेतलीस.

तू कधी विषय काढला नाहीस म्हणून मीही काढला नाही. मला वाटलं, तुला तो नको असेल. तुला वाटलं, मी रागावलेय. शहाण्या की नाही आपण दोघी.

राग होता, खोटं कशाला बोलू. पण तो तुझ्यावर नव्हता. त्यांनी तुला विचारलं. मला अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, जशी भिंत असते. नाटकात बाप विचारतो आणि मुलगी आपल्या तोंडाने 'थांबते' म्हणते, ते वाचून मला रडू आलं ते त्यामुळे. मला वाटलं, छोटीला कुठूनतरी हे कळलं. कळलं नव्हतं, छपाईची चूक होती. असू दे, चांगली चूक होती. चार दिवस छान गेले.

पण आता खरं काय ते लाव. मला वाईट वाटेल म्हणून तू स्वतःचं नाटक मोडायचं, हे मला चालणार नाही. तुझी ती मुलगी दारात जशी उभी राहते तशीच ती मी पाहिलीय, तिला उगाच बोलायला लावू नकोस. दिग्दर्शिकाबाईंना आजच्या आज पत्र टाक. नाही टाकलंस तर मी प्रयोगाला येणार नाही, आणि माझा हट्ट तुला माहीत आहे.

येताना गरम कपडे आण. इथे गारठा आहे.

ताई

२० जानेवारी

प्रिय टकटक,

मी पोचले. दुकान उघडलं, नवी खळ शिजवली. पहिल्या प्रयोगाच्या वेळी तुला तलावातल्या गायकांकडे पळावं लागलं आणि तुझा शेवट हुकला, म्हणून हे पत्र.

ती दंतवैद्याकडची मुलगी दारात उभी राहिली. बॅग हातात, पाठ अर्धी वळलेली. तिने काही केलं नाही. खांदा हलवला नाही, सुस्कारा टाकला नाही. मी ते दृश्य तीन वर्षं लिहिलं, पण त्यात एवढं आहे हे मला त्या मुलीने दाखवलं. सभागृहात तीनशे माणसं आणि एक खोकला नाही. ताईने माझा हात आपल्या मांडीवर घेतला होता आणि ती त्यावर बोटाने मोजत होती. वीस झाले तेव्हा मला वाटलं, आता हे पोहणारे गृहस्थ बोलायचं विसरले. मग ते म्हणाले, 'बरं.' कसं म्हणाले ते मला लिहिता येणार नाही. बाबा तसेच म्हणाले होते, एवढंच सांगते. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. लोक उठायलाच तयार नव्हते.

बाहेर आल्यावर दिग्दर्शिका ताईला भेटली. ताई तिला म्हणाली, 'फार सुंदर केलंत. उशी मात्र मानेखाली हवी, डोक्याखाली नको, अशा माणसाला त्रास होतो.' ती कडक बाई खिशातून पेन्सिल काढून लिहून घ्यायला लागली. तुझ्या आईसमोर भले भले वही उघडतात.

आम्ही चालतच घरी आलो. वाटेत त्या अकरा मशिनांचा आवाज कुठूनतरी येत होता, तर ताई म्हणाली, थोडं ऐकू या. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिथे मी तिला विचारलं. चोवीस वर्षं उशिरा आणि बाबांच्या जागी, पण विचारलं. म्हटलं, 'ताई, त्यांनी तुला विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?'

तिला विचार करावा लागला नाही. म्हणाली, 'थांबते, असंच म्हटलं असतं गं. पण मी म्हटलं असतं.'

मावशी